मेणाच्या वडीसाठी राणीसावरगाव

परभणीला जाऊन आले असं पुण्यात कुणालाही सांगितलं की समोरचा विचारतो, "लग्न होतं का कुणाचं?" माणसं फिरायला केरळला जातात, काश्मीरला जातात आणि परभणीला फक्त लग्नाला जातात, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. माझं तिथं काम होतं. खरं तर दोन कामं होती. एक, भाषण द्यायचं होतं आणि त्याची तयारी मी आठवडाभर आरशासमोर केली. दुसरं, एका बाईच्या गाठीची मेणातली वडी घेऊन यायची होती. त्याची तयारी शून्य, कारण त्यात तयारी करण्यासारखं काय असणार असं मला वाटलं होतं. भाषण आता कुणाच्याही लक्षात नसेल, माझ्याही नाही. वडीची गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी माझी ओळख करून देते. मी डॉक्टर आहे, पण आजारी माणूस ज्या डॉक्टरकडे जातो ती मी नव्हे. ऑपरेशन करून काढलेली गाठ बाटलीत बसून माझ्याकडे येते. तिचे तुकडे मेणाच्या वडीत बसवायचे, वडीचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, ते काचेवर लावून रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकातून बघून सांगायचं, की हा कॅन्सर आहे का, आणि असला तर कुठल्या जातीचा. सगळा इलाज पुढे त्या एका वाक्यावर चालतो. माझे पेशंट बोलत नाहीत, रडत नाहीत, नंबर कधी लागणार म्हणून कटकट करत नाहीत. माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं, की हा पेशा मी एवढ्याचसाठी निवडला. मी ते नाकारत नाही.

परभणी

भाषणाला बोलावलं होतं माझा वर्गमित्र बालाजीनं. तो परभणीत सर्जन आहे. कॉलेजात असताना माझ्या वह्या उतरवून पास झाला आणि आता माझ्यापेक्षा मोठ्या घरात राहतो. विषय होता स्तनाच्या कॅन्सरचे दुर्मिळ प्रकार. शनिवारी संध्याकाळी हॉल भरलेला पाहून मी हरखले. हॉलच्या मागच्या दारातून तळणीचा वास येत होता, गर्दीचा आणि त्याचा संबंध माझ्या नंतर लक्षात आला.

मी अगदी रंगात आले. एका जातीत पेशी चिकट रसाच्या तळ्यात तरंगतात, साबुदाण्याच्या खिरीतल्या साबुदाण्यासारख्या, ते दाखवलं. एका जातीत स्तनाच्या गाठीत चक्क हाडाचा तुकडा तयार होतो, तो दाखवला. शेवटी चाळणीसारखी गोल गोल भोकं असलेली गाठ पडद्यावर आणली आणि म्हणाले, "किती सुंदर आहे बघा."

पुढच्या रांगेतले एक वयस्क डॉक्टर उठले. "मॅडम, सुंदर म्हणायलात, ते नेमकं कुणासाठी?"

हॉलमध्ये हशा पिकला. मीही हसले, कारण दुसरं काय करणार. आम्ही सूक्ष्मदर्शकवाले आपसात असंच बोलतो. "काल एक फार सुंदर केस आली," असं म्हणताना ती केस कुणाच्या तरी छातीतून निघालेली असते, हे त्या क्षणी ध्यानात नसतं.

जेवताना बालाजी ताट घेऊन शेजारी येऊन बसला. ती चाळणीची गाठ त्याच्याच पेशंटची होती. गिरिजाबाई, राहणार राणीसावरगाव, तालुका गंगाखेड. गाठ त्यानं काढली होती आणि काच मला पुण्याला पाठवली होती. परभणीच्या लॅबचा पहिला रिपोर्ट नेहमीच्या जातीच्या कॅन्सरचा होता, आणि ती एकच काच वरवर बघून बहुतेकांनी तेच लिहिलं असतं. त्यातून औषधाची दिशा ठरवणाऱ्या तिन्ही चाचण्या निगेटिव्ह आल्या होत्या. एरवी याचा अर्थ वाईट असतो. गोळ्या चालत नाहीत, गाठ चढेल स्वभावाची असते, म्हणून जोरदार केमो द्यावी लागते. पण मोजक्या दुर्मिळ जाती अशा आहेत, की तिन्ही चाचण्या निगेटिव्ह येऊनही त्या गरीब असतात. जागेवरच हळूहळू वाढतात, काखेत सहसा जात नाहीत. गाठ काढली आणि नंतर शेक, म्हणजे रेडिएशन, दिला की बहुतेक वेळा केमोची गरजच पडत नाही. मला चाळणीत तसली जात दिसत होती. पण संशयावर कुणी इलाज बदलत नाही. खात्री करायला खास रंग लावायला हवेत, रंगांसाठी नवे काप हवेत आणि काप काढायला वडी हवी.

"मग वडी कुठंय? तीच तर न्यायला आलेय," मी विचारलं.

"घरच्यांनी लॅबमधून नेली. उरलेली गाठ लॅबनं कधीच टाकून दिली, त्यामुळं जे काय आहे ते त्या वड्यांतच. नवरा म्हणतो, नीट ठेवलीय, पण पाठवता येत नाही."

"का?"

"तेच तर सांगत नाही ना. कुरियरचं नाव काढलं की गप्प बसतो. येळवस झाली की केमो सुरू करायची ठरलीय. तोवर वडी नाही आली तर मी थांबणार नाही गं. तुझ्या संशयापायी बाई हातची जायची."

तो बरोबरच बोलत होता. मी मात्र खव्याची दुसरी पोळी खाऊन बसले होते आणि अशा वेळी माझ्या अंगात भलतीच हिंमत येते. "मी आणते जाऊन," मी म्हणाले. बालाजी मोठ्यानं हसला. माझा जुना मित्र आहे, त्याला हसायचा हक्क आहे.

गंगाखेडच्या पुढं

नेमकी दुसऱ्या दिवशीच येळवस होती. आमच्याकडे पुण्यात ही अमावास्या कॅलेंडरवरचा एक काळा गोळा असते. इकडे गावंच्या गावं त्या दिवशी घराला कुलूप लावून शेतात जातात. काळ्या जमिनीला पोटुशी लेक मानून तिचे डोहाळे पुरवायचे, कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पूजा मांडायची आणि तिथंच जेवायचं. बालाजीचा ड्रायव्हर त्याच्या शेतात गेला होता. बालाजीला दवाखान्यात तातडीचं ऑपरेशन आलं होतं. उरली एसटी आणि मी.

माझ्याकडे चाकांची बॅग होती. विमानतळाच्या फरशीवर ती फार डौलात चालते. गंगाखेडच्या स्टँडवर तिचं एक चाक खडीत अडकलं ते तिथंच राहिलं, आणि त्यानंतर मी लंगडं वासरू ओढावं तशी ती ओढत हिंडले. त्याआधी एसटीत, गोदावरीच्या पुलावरून नदी बघायची असं मी ठरवलं होतं. खिडकीतून मला फक्त एका बाईच्या डोक्यावरचं टोपलं दिसलं.

पुढं जीप. मागच्या बाकावर जेवढ्या बाया बसू शकतात त्याच्या दुप्पट बसल्या होत्या, आणि त्यांच्या मांडीवर आंबिलीचे मोगे, म्हणजे मडकी, आणि भाज्यांची गाठोडी. मी डॉक्टर आहे हे माझ्याच तोंडून निसटलं. शेजारच्या म्हातारीनं ताबडतोब लुगडं सारून गुडघा पुढं केला.

"लय ठणकायलाय बगा. काय करावं?"

"मावशी, मी त्यातली डॉक्टर नाही."

"मंग कशातल्या?"

"मी... काढलेले तुकडे तपासते."

"म्हंजी माणसाला हात लावत न्हाई व्हय?" एकीनं विचारलं. मी नाही म्हणाले. म्हातारीनं गुडघा झाकून घेतला आणि बाकीच्यांना समजावलं, "शिकाऊ हाय." या वयात मला कुणी शिकाऊ म्हणेल असं वाटलं नव्हतं. थोडा आनंदच झाला.

बाहेर मात्र बघत राहावं असं होतं. गंगाखेड सोडलं की सपाटी संपते, जमीन वर-खाली होऊ लागते, ज्वारी हिरवीगार उभी, मध्ये मध्ये तूर, आणि प्रत्येक शेतात एक कोप आणि कोपीभोवती माणसं. रस्ते ओस पडलेले आणि रानं भरलेली. आपण सण आला की दुकानांत गर्दी करतो, ही माणसं आपल्याच जमिनीत गर्दी करून बसली होती.

राणीसावरगाव

गावच्या स्टँडवर गिरिजाबाईंचा नवरा महालिंग मोटरसायकल घेऊन उभा होता. उंच, सडपातळ, चाळिशीतला माणूस, नजर सतत जमिनीकडे. मला वाटलं भिडस्त असेल. त्यानं लंगडी बॅग टाकीवर घेतली, मी मागं बसले आणि आम्ही थेट शेतात गेलो.

कोपीच्या दाराशी त्याचे वडील बसले होते. काशिनाथअप्पा. पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग. घर लिंगायत. मी नमस्कार केला आणि लगेच कामाला हात घातला, "अप्पा, मी त्या वडीसाठी..."

"आदी जेवा," अप्पा म्हणाले.

आणि मग मी जेवले. भज्जी म्हणजे आपली भजी नव्हे. नाना तऱ्हेचे ओले दाणे, पालेभाज्या, बेसन, सगळं एकत्र शिजवलेलं असतं. त्याबरोबर बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर, आणि वर मोग्यातली गार आंबील. आंबील ताकासारखी असेल म्हणून मी घटाघटा प्यायले आणि तिच्यातला लसूण नाकातून बाहेर यायला बघू लागला. वाढणारी बाई हसली, पदरानं हसू झाकलं आणि म्हणाली, "दमानं प्या. कुनी मागं लागलंय का?"

त्या गिरिजाबाई. मी इतका वेळ त्यांनाच ओळखलं नव्हतं. त्यांच्या गाठीची भोकं मला पाठ होती. त्यांचा चेहरा असा असेल, नाक असं असेल, त्या इतक्या झपझप वाढत असतील, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

जेवणं झाल्यावर मी विषय काढला. महालिंगनं बापाकडे बघितलं, मग हनुवटीनं बांधाकडं दाखवलं. "तितं हाय."

बांधावर एक लिंबाचं झाड होतं आणि त्याखाली चुन्यानं रंगवलेला छोटा ओटा. मी कपाट शोधू लागले. "त्या झाडापलीकडे घर आहे का तुमचं?"

"न्हाई, खाली."

"कशाच्या खाली?"

"जमिनीच्या," महालिंग म्हणाला. एवढा वेळ तो जमिनीकडे का बघत होता ते मला तेव्हा कळलं.

लिंगायतांत माणूस गेलं तर जाळत नाहीत, बसवून पुरतात, एवढं मला ऐकून माहीत होतं. पुढचं अप्पांनी सांगितलं, अगदी शांतपणे, जणू हे मला आधीच कळायला हवं होतं. मुलानं लॅबमधून डबी आणली. काय आहे विचारलं तर म्हणाला, गिरिजेच्या अंगाचा तुकडा. "अंगाचं जे सुटलं ते मातीचं. कपाटात ठिवायची चीज हाय का ती?" मग त्यांनी स्वामींना बोलावलं. बेल वाहिला, विभूती लावली, आणि अप्पांच्या कारभारणीच्या समाधीशेजारी ती डबी रीतसर पुरली.

"मग काच कशी दिली बालाजीला?"

"काच म्हंजी कागद. वडी म्हंजी अंग."

काचेवरही अंगच असतं, फक्त पापुद्र्याएवढं. पण हे सांगितलं तर तीही मागून घेऊन पुरतील, या भीतीनं मी गप्प राहिले.

"मी बी होते की तितं," गिरिजाबाई मागून म्हणाल्या. "साऱ्या गावात मी एकलीच, मपल्याच मातीला जाऊन आलेली."

इकडे माती म्हणजे अंत्यविधी. मी समजावायला सुरुवात केली. वडी का हवी, दुर्मिळ जात म्हणजे काय, रंग लावल्यावर काय दिसेल, केमोनं काय काय होतं, ती टळू शकते ती कशी. पुण्यात ज्युनिअर लोकांना हे मी फार छान सांगते. इथं सांगताना माझंच मला ऐकू येत होतं, आणि ते आदल्या रात्रीच्या भाषणासारखंच लागत होतं. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"आज येळवस. आज काळी आई पोटुशी हाय. तिच्या पोटाला लोखंड लावायचं न्हाई."

"मग उद्या?"

"पुरलेलं उकरायचं तर उद्या बी न्हाई."

"अप्पा, हे शास्त्र आहे."

"मंग आमचं काय हाय?"

मी उठले आणि कोपीमागं जाऊन उभी राहिले. पाठोपाठ गिरिजाबाई आल्या. इकडेतिकडे बघून त्यांनी चोळीच्या गाठी सोडल्या आणि म्हणाल्या, "बगा."

शिकाऊ असतानाचे दिवस सोडले तर जिवंत पेशंटला मी हात लावलेला नाही. माझे हात कुठं ठेवावेत ते मला कळेना. डाव्या बाजूला बालाजीची व्यवस्थित शिवण होती, कडेनं थोडी लाल, आणि त्या बाजूची छाती जराशी आत ओढलेली. मी शिवणीवरून बोट फिरवलं. त्वचा उबदार होती. माझ्या कामात काही उबदार लागतं याचीही मला सवय नाही. मला भरून आलं, आणि ते लपवायला मी उगाच म्हणाले, "छान भरलीय जखम."

"तुमी तर समदं आदीच बगितलं असंल."

"काचेवर फक्त."

"काचेवर काय दिसतंय?"

"भोकं. बारीक बारीक, गोल. चाळणीसारखी."

त्यांनी चोळी बांधता बांधता थोडा विचार केला. "मंग त्या चाळणीतनं मी खाली पडनार, का वर ऱ्हानार?"

"ते सांगायलाच वडी पाहिजे."

"आन ती न्हाई भेटली तर?"

"तर डॉक्टर बालाजी केमो सुरू करतील. ती कदाचित लागणार असेल, कदाचित नसेल. कळायला मार्ग नाही."

"केमोला मी भीत न्हाई. पर उगंच घ्यायची असंल तर कामून घ्यावी?" त्या म्हणाल्या आणि पदर खोचून सासऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी कोपीच्या कुडाआडून बघत होते. शास्त्राची प्रतिनिधी म्हणून मला तीच जागा योग्य वाटली.

"मामा," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "पुरतेत ते गेलेल्या माणसाला. म्या गेले का?"

अप्पांनी मान वर केली.

"म्या वर हाय तवर माजं समदं वर पायजे. जाईन तवा एकदमच बसवा. असं थोडं थोडं नगं."

महालिंग खाली मान घालून रडायला लागला. इतका उंच माणूस, आणि रडणं अगदी बिनआवाजाचं. अप्पांनी त्या ओट्याकडे बघितलं. मग काठी टेकत उठले.

"लोखंड लागनार न्हाई," ते म्हणाले. "हातानं काडा."

काळी जमीन पावसात लोण्यासारखी असते म्हणतात. त्या दिवसांत ती वाळून विटेसारखी झाली होती. महालिंगनं घागरभर पाणी ओतलं आणि आम्ही हातानं उकरायला बसलो. महालिंग, मी, आणि थोड्या वेळानं काठी बाजूला ठेवून अप्पासुद्धा. माझे पांढरे बूट कायमचे गेले. नखं गेली. हातमोजे, मास्क, स्वच्छता यावर मी आमच्या ज्युनिअर लोकांना बरंच काही ऐकवते, त्यांच्यापैकी कुणी तिथं नव्हतं हे माझं नशीब. मध्येच माझ्या हाताला काहीतरी चपटं लागलं. "सापडली!" म्हणून मी अशी ओरडले की शेजारच्या शेतातली माणसं उठून उभी राहिली. ते मडक्याचं खापर होतं.

मला भीती वाटत होती ती मी कुणाला बोलून दाखवली नाही. उंदरांना मेण आवडतं. डबीचं झाकण सैल असेल, पाणी शिरलं असेल, मुंग्या लागल्या असतील. आणि सगळं शाबूत निघालं, तरी माझा संशयच चुकीचा असला तर? म्हणजे एका घराचं पुरलेलं मी सणाच्या दिवशी उकरलं, ते माझ्या चुकलेल्या नजरेसाठी. अप्पांच्या मनातही तेच असावं. माती उपसता उपसता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "आन तुमचं खोटं निगालं तर?"

"तर तेही मीच फोन करून सांगेन."

ते पुन्हा माती उपसायला लागले.

डबी स्टीलची होती, पोरांच्या खाऊची असते तशी. झाकण इतकं घट्ट बसलं होतं की महालिंगला दात लावावे लागले. आत वाळलेला बेल, विभूती आणि चार वड्या. एकीचा कोपरा दबला होता, बाकी अगदी जशाच्या तशा, कडेला पेन्सिलीनं लिहिलेले लॅबचे आकडेसुद्धा. मी तिथंच मातीत बसून हसायला लागले आणि मग माझं हसणं काही थांबेना. गिरिजाबाईंनी मला आंबील आणून दिली. या वेळी मी दमानं प्यायले.

अप्पांनी खड्डा मोकळा ठेवला नाही. ओंजळभर ज्वारी आत टाकली, माती लोटली आणि तळव्यानं सारखी केली. निघताना मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते मागं सरले. लिंगधाऱ्याला वाटलं असेल, ही कोण कुठली बाई शिवतेय. किंवा त्यांचं मन अजून तयार नसेल. मी विचारलं नाही.

पुणे

डबी मी घरापर्यंत मांडीवर आणली. बॅग परभणीतच बालाजीच्या दारात ठेवून आले, ती आता त्याच्या वॉचमनकडे आहे. नवऱ्यानं दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "भाषणाला दगड मारले का?"

काप निघाले, रंग लागले, आणि काचा माझ्या टेबलावर आल्या तेव्हा मला बघायचा धीर होईना. शेवटी बघितलं. चाळणी होती, आणि तिच्या भोकांभोवती दोन वेगळ्या तऱ्हेच्या पेशी, दोन वेगळ्या रंगांत, एकमेकींना चिकटून. त्या जातीत अशाच दिसायला हव्यात. पण तेच दिसावं अशी माझी इच्छा होती, म्हणूनच मी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. नाव न सांगता काचा दोघा सहकाऱ्यांना दाखवल्या. दोघांनी वेगवेगळं बघून एकच नाव लिहिलं. त्यातला एक म्हणाला, "सुंदर केस आहे." मी त्याला म्हणाले, "ती बाजरीचे उंडेही फार छान करते." तो माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत राहिला.

बालाजीनं कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून पक्कं केलं. केमो नाही. नांदेडला जाऊन शेक घ्यायचा आणि मग वर्षानुवर्षं न चुकता तपासायला यायचं, कारण ही जात गरीब असली तरी विसरभोळी नाही, खूप वर्षांनीही कधी कधी परत येते. ते मी गिरिजाबाईंना फोनवर सांगितलं, चांगलं आणि वाईट दोन्ही. आयुष्यात पहिल्यांदा मी पेशंटला निदान तोंडी सांगत होते आणि पोरीनं परीक्षेत पाठ म्हणावं तसं एका दमात म्हणून टाकलं.

"म्हंजी सलाईनी न्हाईत?"

"नाहीत."

"शेक घेऊन घरी?"

"हो."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "थांबा," त्या म्हणाल्या, "मामाला देते. त्यांनी येळवसपासनं धड जेवण केलेलं न्हाई."

अप्पांनी फोन कानाला उलटा लावला असावा, कारण आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. मी त्यांनाही सगळं पहिल्यापासून सांगू लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं. त्यांना जातीचं नाव नको होतं.

"बाई, ती जागा म्या मपल्यासाठी राखली व्हती," ते म्हणाले. "आमच्या कारभारणीच्या बाजूला. सूनबाईच्या तुकड्याला दुसरी चांगली जागा न्हवती, म्हणून तितं ठिवला. आन तवापासनं झोप न्हाई मला. म्हातारा वर बसलाय, आन सून त्याच्या जागेत. हे कुठलं उलटं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता मोकळी झाली ना जागा? तुमी नीट बगितलंय ना? म्हंजी आता नंबर माजाच पयला ना?"

'बहुधा', 'शक्यता आहे', 'पुढील तपासणी करावी' ही शेपटं लावल्याशिवाय मी उभ्या हयातीत एकही निदान दिलेलं नाही.

"हो अप्पा," मी म्हणाले. "तुमचाच पहिला."

"लय बरं झालं," अप्पा म्हणाले, आणि फोन हातात तसाच धरून त्यांनी घरात कुणाला तरी ओरडून सांगितलं, की ताट वाढा.